गोव्यातील घरांसाठी वॉटर सॉफ्टनर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सॉफ्टनर म्हणजे जड पाणी मृदू करणारे यंत्र. गोव्यात नवे घर बांधणारे, वाडवडिलांचे घर दुरुस्त करून घेणारे आणि किनाऱ्यालगतच्या फ्लॅटमध्ये राहायला आलेले लोक पाण्याबद्दल जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. बहुतेक घरांत आधी यंत्राची चौकशी होते आणि पाण्याची तपासणी मागाहून, किंवा होतच नाही. गोव्यात हा क्रम बदलणे फार आवश्यक आहे, कारण येथील पुष्कळ घरांना सॉफ्टनरची मुळीच गरज नसते आणि ज्यांना ती असते त्यांच्या पाण्यातही बहुधा असे आणखी दोष असतात, जे सॉफ्टनरने जात नाहीत.

जड पाणी कशाला म्हणायचे?

ज्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे क्षार अधिक प्रमाणात विरघळलेले असतात, ते पाणी जड असते. त्यात साबणाला फेस येत नाही, उलट साबणाची चिकट साय तयार होते. नळाच्या तोंडाशी, शॉवरच्या जाळीत आणि गीझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो. प्रयोगशाळेच्या अहवालात या दोन्ही क्षारांचे एकत्रित मोजमाप ‘एकूण काठिण्य, कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात’ असे लिहिलेले असते. ढोबळ मानाने लिटरला ६० मि.ग्रॅ.पर्यंतचे पाणी मृदू, १२० पर्यंतचे मध्यम, १८० पर्यंतचे जड आणि त्यापुढचे फार जड समजतात. पिण्याच्या पाण्यासाठीच्या आयएस १०५०० या भारतीय मानकात २०० मि.ग्रॅ. ही स्वीकारार्ह मर्यादा आहे आणि दुसरा स्रोत उपलब्ध नसेल तर ६०० मि.ग्रॅ.पर्यंतचे पाणी चालवून घेता येते.

गोव्याचे पाणी जड असते का?

सरसकट नाही. सांगली, सोलापूर किंवा मराठवाड्यातील नातेवाइकांकडचा अनुभव येथे जसाच्या तसा लागू करण्यात काही अर्थ नाही. गोव्याच्या मोठ्या भागात जमिनीवर जांभ्या दगडाचे आवरण आहे. लाखो वर्षांच्या पावसाने धुपून तयार झालेल्या या दगडात कॅल्शियम फारच थोडे उरलेले असते, आणि वर्षाला सुमारे ३,००० मि.मी. पाऊस त्यातून झिरपत असल्यामुळे जांभ्यातील विहिरींचे पाणी सहसा मृदू आणि किंचित आम्लधर्मी असते. ओपा, अस्नोडा किंवा साळावली येथील जलशुद्धीकरण प्रकल्पांतून नळाला येणारे पाणीही नद्यांचे आणि धरणांचे असल्यामुळे सामान्यतः मृदूच असते. फोंडा, सत्तरी, सांगे या भागांत नळाचे किंवा उथळ विहिरीचे पाणी वापरणाऱ्या घराला कोणी सॉफ्टनर विकत असेल, तर त्याच्याकडे आधी काठिण्याचा लेखी अहवाल मागावा.

प्रश्न खरा आहे तो किनारपट्टीवर, खाड्यांच्या काठी, खाजन शेतीला (खाडीचे पाणी बांधाने अडवून केलेल्या शेतीला) लागून असलेल्या वाड्यांत आणि खोल कूपनलिकांवर अवलंबून असलेल्या वसाहतींत. बार्देश, तिसवाडी, मुरगाव आणि सासष्टीच्या समुद्रालगतच्या पट्ट्यात दोन गोष्टी घडतात. किनाऱ्याच्या वाळूत शिंपल्यांचे तुकडे मिसळलेले असतात आणि ते विरघळून पाण्यात कॅल्शियम येते. शिवाय उन्हाळ्यात उपसा वाढला की भूजलाची पातळी खाली जाते आणि समुद्राचे पाणी जमिनीखालून आत सरकते. उन्हाळ्यात मांडवी आणि जुवारीच्या पात्रांतही भरतीचे खारे पाणी बरेच आतपर्यंत येत असल्यामुळे दिवाडी, चोडण यांसारख्या बेटांवरील काठाच्या विहिरींनाही हा धोका असतो.

समुद्राच्या पाण्याचे काठिण्य लिटरला ६,००० मि.ग्रॅ.च्या वर असते आणि त्यात क्लोराइड सुमारे १९,००० मि.ग्रॅ. असते. विहिरीच्या ५० बादल्यांत समुद्राची एक बादली मिसळली, तर काठिण्य जवळजवळ १२० ने वाढेल आणि क्लोराइड सुमारे ३७० ने. म्हणजे पाणी मध्यम जड होते न होते तोच क्लोराइडने २५० ची स्वीकारार्ह मर्यादा ओलांडलेली असते. किनाऱ्यावरचे जड पाणी बहुधा खारेही असते ते यामुळेच, आणि पुढच्या अनेक उत्तरांचा आधार हाच आहे.

आणखी खोल कूपनलिका खोदली तर चांगले पाणी लागेल का?

किनाऱ्याजवळ बहुधा उलटे होते. तेथे गोडे पाणी जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. भूजलशास्त्राचा ढोबळ नियम असा आहे की समुद्रपातळीच्या वर गोड्या पाण्याची जेवढी उंची असेल, त्याच्या सुमारे ४० पट खोलीपर्यंत गोडे पाणी खाली टिकून राहते. उपशामुळे ही पातळी एक मीटरने उतरली तर खारे पाणी कालांतराने ४० मीटर वर येऊ शकते. म्हणून खोल जाण्यापेक्षा कमी उपसणे आणि पावसाचे पाणी विहिरीत मुरवणे हे उपाय अधिक शहाणपणाचे आहेत. गोवा भूजल नियमन कायदा, २००२ प्रमाणे नवी विहीर किंवा कूपनलिका खोदण्यासाठी परवानगी घ्यावी लागते, हेही लक्षात ठेवावे.

तपासणी कधी आणि कशाची करून घ्यावी?

वर्षातून दोनदा : एकदा मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, पाऊस पडण्यापूर्वी, आणि एकदा चवथीच्या सुमारास, विहीर भरलेली असताना. गोव्यात या दोन नमुन्यांत इतका फरक पडू शकतो की केवळ पावसाळ्यातील अहवालावर यंत्र घेतलेले घर मे महिन्यात अडचणीत येते, आणि केवळ मे महिन्यातील अहवाल पाहून घेतलेले मोठे यंत्र आठ महिने जवळपास विनाकारण चालते. एकच तपासणी शक्य असेल तर ती मे महिन्यात करावी.

अहवालात एकूण काठिण्य, कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्लोराइड, लोह, मँगनीज, पीएच म्हणजे आम्लतेचे माप (आकडा जितका कमी तितके पाणी अधिक आम्लधर्मी), एकूण विद्राव्य घटक म्हणजे टीडीएस, आणि विहिरीचे पाणी असल्यास कोलिफॉर्म जिवाणू एवढ्या गोष्टी अवश्य असाव्यात. नमुना घेताना पंप काही मिनिटे चालू ठेवावा, बाटली त्याच पाण्याने विसळून घ्यावी आणि काठोकाठ भरावी. जिवाणूंच्या तपासणीसाठी मात्र प्रयोगशाळेने दिलेली निर्जंतुक बाटलीच वापरावी आणि ती विसळू नये. जलजीवन मिशनअंतर्गत सरकारी पाणी तपासणी प्रयोगशाळा सर्वसामान्यांसाठी माफक शुल्कात खुल्या करण्यात आल्या आहेत. मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळाही चालेल, पण यंत्र विकणाऱ्यानेच केलेली तपासणी एकमेव आधार म्हणून धरू नये.

घरच्या घरी अंदाज घ्यायचा असेल तर थेंब टाकून रंग बदलण्याचे छोटे किट मिळते. लालसर पाणी निळे होईपर्यंत किती थेंब लागले, त्यावरून काठिण्य काढता येते. सॉफ्टनर बसवल्यानंतरही हे किट घरात असावे.

टीडीएस मीटरवर आकडा मोठा आला, म्हणजे पाणी जडच ना?

नाही. ते मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजते आणि त्यावरून सर्व क्षारांचा एकत्रित अंदाज देते. साधे मीठ विरघळलेल्या पाण्यातही आकडा मोठाच येईल, जरी त्यात काठिण्य नावालाही नसले. सॉफ्टनरमधून निघालेल्या पाण्याचा टीडीएस जवळपास तेवढाच राहतो, किंबहुना किंचित वाढतो. त्यामुळे ‘यंत्र बसवले तरी मीटरचा आकडा उतरला नाही’ ही तक्रार चुकीच्या मापावर आधारलेली असते.

सॉफ्टनर काम कसे करतो?

यंत्रातील उंच टाकीत रेझिनचे, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकचे, बारीक, मोहरीएवढे किंवा त्याहूनही लहान मणी भरलेले असतात. या मण्यांवर ऋण विद्युतभार असलेली ठिकाणे असतात आणि सुरुवातीला त्यांवर सोडियमचे आयन (विद्युतभारित कण) बसलेले असतात. जड पाणी मण्यांमधून जाते तेव्हा कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मण्यांना चिकटतात आणि त्यांच्या बदल्यात सोडियम पाण्यात उतरते. पाण्यातून काहीही गाळले जात नाही, फक्त अदलाबदल होते, हे नीट समजले की या यंत्राची मर्यादाही आपोआप समजते.

काही दिवसांनी सर्व जागा कॅल्शियम-मॅग्नेशियमने भरतात. मग शेजारच्या टाकीतले मिठाचे दाट पाणी रेझिनमधून सोडले जाते, त्यातील सोडियमच्या रेट्याने आधीचे क्षार सुटतात आणि सांडपाण्यातून बाहेर जातात. याला रिजनरेशन म्हणतात. स्वयंचलित यंत्रात ही क्रिया वेळेनुसार किंवा वापरलेल्या पाण्याच्या मोजणीनुसार होते. गोव्यात, जिथे वापर आणि काठिण्य दोन्ही ऋतूप्रमाणे बदलतात, तिथे पाणी मोजून चालणारा व्हॉल्व्ह घेणे केव्हाही चांगले. वेळेवर चालणारा स्वस्त व्हॉल्व्ह, घरात कोणी नसतानाही ठरल्या दिवशी मीठ आणि पाणी खर्च करत राहतो.

पाण्याचा खारटपणा सॉफ्टनरने जाईल का?

जाणार नाही. क्लोराइडला सॉफ्टनर हातही लावत नाही. पाणी खारट लागत असेल, तर पिण्यापुरता आरओ (बारीक पडद्यातून पाणी दाबाने गाळून क्षार काढणारे यंत्र) आणि बाकी वापरासाठी नळाचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी हाच व्यवहार्य मार्ग आहे. ‘सॉफ्टनर बसवा, पाणी गोडे होईल’ असे सांगणाऱ्या विक्रेत्याकडून काहीही घेऊ नये.

बादलीत पाणी ठेवले की तांबूस होते, कपड्यांवर पिवळे डाग पडतात. यावर सॉफ्टनर चालेल?

हे लोहाचे लक्षण आहे. जांभा हाच लोहयुक्त दगड असल्यामुळे आणि डिचोली, सत्तरी, सांगे, धारबांदोडा या तालुक्यांत लोहखनिजाचे पट्टे असल्यामुळे गोव्यात ही तक्रार जडपणापेक्षा अधिक ठिकाणी आढळते. कूपनलिकेतून येताना लोह विरघळलेल्या अवस्थेत असते, म्हणून पाणी स्वच्छ दिसते. हवेशी संबंध आला की त्याचा गंज होतो आणि पाणी रंग धरते.

अगदी थोडे लोह सॉफ्टनर काढू शकतो, पण प्रमाण लिटरला ०.३ मि.ग्रॅ.च्या पुढे गेले की गंजाचा लेप मण्यांवर बसू लागतो. तो मिठाच्या पाण्याने निघत नाही आणि महागडे रेझिन अकाली निकामी होते. त्यामुळे लोह आणि काठिण्य दोन्ही असतील, तर आधी लोह काढणारा फिल्टर आणि त्यानंतर सॉफ्टनर असाच क्रम हवा. केवळ लोह असेल तर सॉफ्टनर घेऊच नये. पाणी कारंज्यासारखे उंचावरून टाकीत पाडून त्याला हवा द्यावी, काही तास स्थिर ठेवावे आणि वाळूच्या फिल्टरमधून घ्यावे, एवढ्यानेही बऱ्याच घरांचे काम भागते. मात्र पाणी आम्लधर्मी असेल तर ही क्रिया फार मंद होते आणि आधी पीएच वाढवावा लागतो.

बेसिनवर हिरवट-निळे डाग पडतात, ते जड पाण्याचे का?

नव्हेत. ते सहसा आम्लधर्मी, मृदू पाण्याने तांब्या-पितळेची जोडणी झिजत असल्याचे लक्षण असते. अशा पाण्याला सॉफ्टनरने लाभ होत नाही. त्यावर चुनखडीचे खडे भरलेला फिल्टर लावतात आणि त्याने पाण्याचे काठिण्य उलट थोडे वाढते.

किती क्षमतेचे यंत्र घ्यावे?

हा हिशेब विक्रेत्यावर सोडू नये, कारण तो कागदावर पाच मिनिटांत होतो. शहरी घरासाठी माणशी रोज १३५ लिटर हे नियोजनाचे प्रचलित प्रमाण धरले तर चार माणसांना ५४० लिटर लागतात. काठिण्य ३०० मि.ग्रॅ. असेल तर रोज सुमारे १६२ ग्रॅम काठिण्य काढावे लागेल. एक लिटर रेझिन, त्याला रिजनरेशनच्या वेळी सुमारे १२० ग्रॅम मीठ मिळत असेल तर, साधारण ५० ग्रॅम काठिण्य धरून ठेवते. म्हणजे २५ लिटर रेझिनचे यंत्र १,२५० ग्रॅम धरील आणि साडेसात दिवसांहून थोडे अधिक चालेल. प्रत्येक वेळी ३ किलो मीठ, म्हणजे महिन्याला १२ किलोच्या आसपास लागेल, आणि एका रिजनरेशनला दीडशे-दोनशे लिटर पाणी जाईल.

आता हेच घर मे महिन्यात पाहावे. मुंबईहून किंवा परदेशातून कुटुंबे सुटीला आलेली असतात, माणसे आठ होतात आणि विहीर तळाला गेल्याने काठिण्य ४५० झालेले असते. रोजचा भार ४८६ ग्रॅमवर जातो आणि तेच यंत्र अडीच दिवसांत भरते. ते दर अडीच दिवसांनी रिजनरेशन करू शकत असेल आणि तेवढे पाणी घरात असेल तर अडचण नाही, पण ज्या महिन्यात पाण्याची टंचाई असते त्याच महिन्यात यंत्राला जास्त पाणी लागते ही गोष्ट गृहीत धरूनच निर्णय घ्यावा. पाहुण्यांच्या दिवसांत बागेचे आणि संडासाच्या फ्लशचे पाणी सॉफ्टनरला बगल देऊन नेण्याची सोय असेल, तर मोठ्या यंत्राची गरज पडत नाही.

काठिण्य पूर्ण शून्यावर आणण्याचा हट्टही धरू नये. थोडे कच्चे पाणी मिसळण्याचा व्हॉल्व्ह जवळपास सर्व चांगल्या यंत्रांत असतो. त्याच्या साहाय्याने ५० ते ८० मि.ग्रॅ. काठिण्य राखले तर मीठ वाचते, अंघोळीनंतर साबण न निघाल्यासारखा बुळबुळीतपणा वाटत नाही आणि धातूचे पाइपही अधिक टिकतात.

यंत्र बसवायचे कुठे?

गोव्यातील बहुतेक घरांत पाणी आधी खालच्या टाकीत येते, पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढते आणि तेथून नुसत्या उंचीच्या दाबाने खाली उतरते. हा दाब सॉफ्टनरला पुरत नाही, कारण स्वयंचलित व्हॉल्व्हला सुमारे दीड ते दोन बार दाब लागतो आणि एकमजली घराच्या गच्चीवरून फार तर अर्धा बार मिळतो. म्हणून पंप आणि गच्चीवरची टाकी यांच्यामध्ये यंत्र बसवतात. येथे एक चूक वारंवार दिसते. २५ लिटर रेझिनमधून तासाला ७५० ते १,००० लिटरपर्यंतच पाणी नीट मृदू होते, परंतु एक अश्वशक्तीचा साधा पंप त्याच्या दुपटीहून अधिक पाणी ढकलतो. एवढ्या वेगात मण्यांना अदलाबदल करायला वेळच मिळत नाही आणि अर्धवट जड पाणी टाकीत पोचते. पंपाचा प्रवाह आणि यंत्राचा प्रवाह जुळतो की नाही, हे प्लंबरकडून आधी मोजून घ्यावे. एक बादली किती सेकंदांत भरते एवढे पाहिले तरी कळते.

यंत्राआधी गाळ अडवणारा फिल्टर असावा. जोडणीत बगल देणारा पाइप असावा, म्हणजे दुरुस्तीच्या वेळी घर कोरडे पडणार नाही. यंत्र सावलीत, पत्र्याच्या आडोशाला ठेवावे. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात उघड्यावर ठेवलेल्या विजेच्या जोडण्या फार लवकर गंजतात. मिठाच्या टाकीचे झाकण मात्र घट्ट हवे, कारण आपल्या पावसाळ्यातील हवेत मीठ पाणी धरते आणि त्याचा गठ्ठा होतो.

आगरातले मीठ चालेल का?

आगरवाडा, हडफडे, रायबंदर येथील मिठागरांचे मीठ स्वयंपाकात आणि लोणच्यात उत्तम असते, आणि ते विकत घेऊन ही मिठागरे टिकवली पाहिजेत असे मनापासून वाटते. परंतु सॉफ्टनरसाठी ते योग्य नाही. त्यात चिकणमातीचे कण आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. मातीने व्हॉल्व्हमधील बारीक छिद्रे बुजतात, आणि मॅग्नेशियम तर आपण पाण्यातून काढायला निघालेलो आहोत. जेवणातले बारीक आयोडीनयुक्त मीठही नको, ते तळाशी चिखलासारखे बसते. शुद्ध मिठाच्या गोळ्या किंवा शुद्ध केलेले जाडे मीठ वापरावे. महिन्यातून एकदा काठीने टाकीत ढोसून पाहावे, कारण वरचे मीठ कडक होऊन खाली पोकळी राहिलेली असते आणि यंत्र मिठाशिवायच रिजनरेशन करत असते.

मिठाचे सांडपाणी कुठे सोडावे?

या प्रश्नाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, आणि माझ्या मते गोव्यात तो सर्वांत महत्त्वाचा आहे. वरच्या उदाहरणातील घर महिन्याला १२ किलो मीठ वापरते, आणि त्यातील क्लोराइड सगळेच्या सगळे बाहेर पडते. जांभा सच्छिद्र असतो, त्यात ओतलेले पाणी झपाट्याने खाली उतरते. विहिरीपासून थोड्या अंतरावर हे पाणी दर रिजनरेशनला मुरू दिले, तर ज्या विहिरीच्या खारेपणाची आपण तक्रार करतो ती आपणच अधिक खारी करत असतो, आणि शेजाऱ्याचीही. पणजी, मडगाव, वास्कोच्या ज्या भागांत मलनिस्सारण वाहिनी आहे तेथे जोडणी तिला द्यावी. इतरत्र विहिरींपासून दूर, जमिनीच्या उताराच्या खालच्या अंगाला स्वतंत्र शोषखड्डा करावा. वाड्यात घरे आणि विहिरी एकमेकींना खेटून असतील, तर संपूर्ण घरासाठी सॉफ्टनर बसवूच नये आणि फक्त गीझर व वॉशिंग मशीनपुरती सोय करावी.

बागेत तर हे पाणी मुळीच सोडू नये. माडाला मीठ सोसते, पुष्कळ जण त्याच्या आळ्यात मीठ टाकतातही. पण केळ, अबोली, मोगरा आणि पानवेल यांना ते सोसत नाही. मृदू केलेले पाणीही रोज झाडांना घालू नये, कारण त्यातील सोडियमने माती घट्ट होते. कुळागराला आणि परसाला कच्चे पाणीच द्यावे.

मृदू केलेले पाणी पिण्यास चालते का?

निरोगी माणसाला चालते. काठिण्याच्या प्रत्येक मिलिग्रॅममागे पाण्यात ०.४६ मि.ग्रॅ. सोडियम येते. ३०० मि.ग्रॅ. काठिण्य पूर्ण काढले तर लिटरला १३८ मि.ग्रॅ., आणि दिवसाला दोन लिटर प्यायल्यास २७६ मि.ग्रॅ. सोडियम पोटात जाईल. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला २,००० मि.ग्रॅ.पेक्षा कमी सोडियम घेण्याचा सल्ला दिला आहे. त्या तुलनेत हे प्रमाण थोडे असले, तरी ज्यांना डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितले आहे अशा रुग्णांनी आणि बाळाचे दूध-पावडर कालवण्यासाठी हे पाणी वापरू नये. स्वयंपाकघरात पिण्यासाठी एक नळ सॉफ्टनरविना ठेवणे सर्वांत सोपे. सॉफ्टनर जिवाणू मारत नाही, म्हणून विहिरीचे पाणी उकळून किंवा निर्जंतुक करूनच प्यावे.

आरओबाबतही घाई नको. टीडीएस ५०० मि.ग्रॅ.पेक्षा कमी असेल तेथे आरओच्या वापरावर बंदी घालावी, असे राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१९ मध्ये पर्यावरण मंत्रालयाला सांगितले होते. नळाच्या मृदू पाण्यावर आरओ चालवणे म्हणजे चांगले पाणी मोरीत ओतणे होय.

जड पाण्याने मूतखडा होतो, केस गळतात, त्वचा बिघडते, हे खरे आहे का?

जागतिक आरोग्य संघटनेने काठिण्यासाठी आरोग्याच्या कारणाने कोणतीही मर्यादा ठरवलेली नाही. मूतखड्याशी जड पाण्याचा थेट संबंध अभ्यासांतून सिद्ध झालेला नाही. दिवसभरात पाणी कमी पिणे हे त्याचे कितीतरी मोठे कारण आहे. जड पाण्यात साबणाची साय केसांवर राहते आणि केस राठ वाटतात, हे खरे आहे, पण केस मुळापासून गळण्याचे कारण डॉक्टरांकडूनच शोधून घ्यावे. इसबाबाबत ब्रिटनमध्ये ३३६ मुलांवर एक चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. घरी सॉफ्टनर बसवल्याने नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक गुण आल्याचे त्या चाचणीत आढळले नाही. मुलाच्या त्वचेसाठी म्हणून एवढा खर्च करणाऱ्या पालकांनी हे आधी जाणून घ्यावे.

आळसांदे (मोठी चवळी) आणि डाळ शिजत नाही, याचे कारण पाणीच का?

बरेचदा होय. कॅल्शियम कडधान्याच्या सालीतील पेक्टिनला घट्ट करते, त्यामुळे आळसांदे, वाटाणे आणि चणे तासन्‌तास शिजवूनही दडदडीत राहतात. यासाठी सॉफ्टनर लागत नाही. कडधान्य भिजवायला आणि शिजवायला नळाचे किंवा उकळून निवळलेले पाणी घ्यावे. उकळल्याने बायकार्बोनेटमुळे आलेले काठिण्य खाली बसते, पण समुद्राच्या पाण्यामुळे आलेले मॅग्नेशियमचे काठिण्य उकळून जात नाही.

पाइपला बांधायचे चुंबक किंवा विजेचे छोटे यंत्र लावले तर?

त्याने पाण्याचे काठिण्य कमी होत नाही. थर कमी बसतो असा दावा केला जातो, पण स्वतंत्र चाचण्यांचे निकाल एकसारखे नाहीत, त्यामुळे त्यावर पैसे घालण्याची शिफारस करता येत नाही. पॉलिफॉस्फेटच्या खड्यांचा छोटा फिल्टर वॉशिंग मशीनच्या नळाला लावला तर थर बसणे काही प्रमाणात रोखले जाते. तो स्वस्तही असतो, मात्र पिण्याच्या नळाला लावू नये.

सॉफ्टनर न घेता भागवता येईल का?

काठिण्य १५० ते २०० मि.ग्रॅ.च्या आत असेल तर सहज. गीझरचे तापमान ५० ते ५५ अंशांवर ठेवावे, कारण थर बसण्याचा वेग तापमानाबरोबर वाढतो. शॉवरची जाळी अधूनमधून व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या फुलाच्या पाण्यात बुडवून ठेवावी, आणि गीझरची कॉइल दरवर्षी साफ करून घ्यावी. साबणाऐवजी द्रव डिटर्जंट वापरला तर साय होत नाही.

आणि पाऊस आहेच. १०० चौरस मीटर छपरावर ३,००० मि.मी. पाऊस पडला आणि त्यातला ८० टक्के धरता आला, तर एका पावसाळ्यात २ लाख ४० हजार लिटर अतिमृदू पाणी मिळते. पहिल्या सरींचे पाणी सोडून देऊन बाकीचे गाळून विहिरीत सोडले, तर खारे पाणी मागे रेटले जाते आणि मे महिन्यातील काठिण्य दरवर्षी थोडे थोडे उतरू शकते. सॉफ्टनरवर खर्च करण्यापूर्वी पन्हळी आणि एक गाळणखड्डा यांवर खर्च करावा, असे किनाऱ्यावरील प्रत्येक घराला आग्रहाने सांगावेसे वाटते.

टँकरचे पाणी घेणाऱ्या सोसायटीने काय करावे?

टँकर कधी या विहिरीचा तर कधी त्या विहिरीचा येतो, त्यामुळे काठिण्य रोज बदलते. प्रत्येक फेरीचे पाणी किटने मोजून वहीत नोंदवावे आणि यंत्राची मांडणी त्यातील मोठ्या आकड्यानुसार करावी. पुरवठादाराशी करार करतानाच काठिण्याची आणि क्लोराइडची वरची मर्यादा लिहून घ्यावी.

जुना थर सॉफ्टनर बसवल्यावर निघून जाईल का?

हळूहळू, आणि काही भागच. गीझर आणि नळ आधी साफ करून घ्यावेत.

रेझिन किती वर्षे टिकते, आणि घर काही महिने बंद असेल तर काय करावे?

लोह आणि गाळ नसेल तर रेझिन साधारण ५ ते १० वर्षे टिकते. नळाच्या पाण्यातील क्लोरिनने ते हळूहळू खराब होते. किटने मोजलेले काठिण्य ताज्या रिजनरेशननंतरही उतरत नसेल, तर आधी मीठ, व्हॉल्व्ह आणि पंपाचा प्रवाह तपासावा, आणि मगच रेझिन बदलण्याचा विचार करावा.

वर्षातील बराच काळ कुलूपबंद असणारी घरे गोव्यात पुष्कळ आहेत. अशा घरात रेझिन कोरडे पडू देऊ नये, कारण सुकलेले मणी पुन्हा भिजताना तडकतात. पण त्यात पाणी साचून राहिले की जिवाणूही वाढतात. जाण्यापूर्वी एक रिजनरेशन करून टाकी पाण्याने भरलेली ठेवावी, बगल देणारा व्हॉल्व्ह उघडावा आणि यंत्राची वीज बंद करावी. परतल्यावर लागोपाठ दोन रिजनरेशन करावेत, पहिले पाणी वास जाईपर्यंत मोरीत सोडावे, काठिण्य किटने मोजावे आणि त्यानंतरच यंत्राचे पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवावे.